मधल्या मुक्कामातल्या कथा: प्रकल्प नोंदी

२ मे

काम ठरलं ते असं. किरायाच्या घराचा करार संपतो आहे, नागपूरच्या बेसा भागातलं स्वतःचं घर पावसाळ्यापूर्वी राहण्याजोगं होत नाही, आणि मधला मुक्काम नातेवाइकांकडे, दोन घरांत वाटून. या काळात तीन कथा पुऱ्या करायच्या, दिवाळी अंकांना पाठवण्याजोग्या. अंकांची जुळवाजुळव पावसाळ्यातच सुरू होते, म्हणून जुलैअखेर ही मुदत.

लिहिणारी बहुतेक माणसं अशा काळात वही बांधून ठेवतात. घर लागलं की बसू, म्हणतात. आम्हाला हे पटत नाही. नांदत्या घरात वस्तू नजरेआड होतात. परात तिच्या खुंटीला आहे इतकंच माहीत असतं. घर मोडायला घेतलं की एकेका वस्तूचा निकाल लावावा लागतो: न्यायची, द्यायची, कोणाकडे ठेवायची, की भंगारात घालायची. निकालाची वेळ आली की दोन मतं येतात, आणि दोन मतं एकाच वस्तूवर अडली की कथा सुरू होते. तेव्हा स्फूर्ती शोधत फिरायचं नाही. निकाल नोंदवायचे.

नोंदीला पाच रकाने: वस्तू, कुठे होती, कुठे चालली, कोणाला हवी होती, आणि त्या वेळी तोंडातून निघालेलं एक वाक्य, जसंच्या तसं. शेवटचा रकाना लगेच भरायचा. रात्रीपर्यंत वाक्य गुळगुळीत होतं. ‘ते घड्याळ माझ्या माहेरचं होय, त्याले हात नको लावू’ याचं ‘घड्याळाशी तिच्या आठवणी जोडलेल्या होत्या’ होऊन बसतं. पहिल्या वाक्यात माणूस आहे, दुसऱ्यात नाही.

४ मे

जुन्या घराचा नकाशा, सामान हलायच्या आधी.

गणिताची चौकटीची वही आणि ५ मीटरची टेप एवढं पुरतं. एक चौकट म्हणजे एक फूट. १० बाय १२ ची खोली एका पानात आरामात बसते, दोन खोल्या नि स्वयंपाकघर असेल तर समोरासमोरची दोन पानं घ्यावीत. आधी बाहेरच्या भिंती, मग दारं, आणि दार कोणत्या बाजूला उघडतं ती कमान. हे विसरू नये, कारण कथेत माणूस आत येतो तेव्हा दाराआड कोण झाकलं जातं ते या कमानीवर ठरतं. मग खिडक्या, स्विचबोर्ड, नळ, भिंतीतले खिळे.

त्यानंतर दुसऱ्या रंगाच्या पेनाने, जे कुठल्याही आर्किटेक्टच्या नकाशात नसतं ते. हलणारी फरशी. कूलर कुठल्या खिडकीला बसतो आणि त्याच्या पाण्याचा पाइप कुठून जातो. पाणी आलं की कोण कुठून ओरडतं. घरातली बोलाचाली कुठे उभं राहून होते (जवळजवळ नेहमी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात, कारण तिथे एक जण आत आणि एक बाहेर असतो). सकाळी सात, दुपारी बारा आणि संध्याकाळी पाच वाजता ऊन कुठवर येतं, त्या तीन रेघा.

नकाशा ९ बाय १२ इंचांच्या लिफाफ्यात घालून, वर तारीख टाकून चिकटवला. तो आता काही आठवडे उघडायचा नाही. याचं कारण पुढे येईल.

५ मे

आवाज. फोनवर दोन-दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग: पहाटे पोर्चमध्ये, दुपारी कूलर चालू असताना खोलीत, कूलर बंद करून त्याच जागी, रात्री गच्चीवर. फाइलला नाव लगेच द्यायचं, ‘पोर्च-पहाट’ असं. फोन आपोआप देतो त्या आकड्यांवरून नंतर काही ओळखू येत नाही. कूलर बंद केल्यावरचं रेकॉर्डिंग सर्वांत मोलाचं. नागपुरात उन्हाळाभर त्या घरघरीखाली बाकीचे आवाज दबलेले असतात, आणि पंप बंद झाला की शेजारच्या घरातली मिक्सरची भांडीसुद्धा ऐकू येतात. घरातल्या माणसांना सांगूनच रेकॉर्ड करायचं. अनोळखी माणसांचं करायचं नाही, कधीच.

९ मे

खोके भरणं. किराणा आणि औषधांच्या दुकानातले खोके, तपकिरी टेप, सुतळी. सामान छोटा हत्ती टेम्पोतून जाणार. पुस्तकांचे खोके लहान घ्यावे लागतात. मोठ्या खोक्यात पुस्तकं भरली तर तो उचलताना तळातून फाटतो.

प्रत्येक खोक्याला आकडा, आणि आकड्यासमोर वहीत आतल्या वस्तू. लेखनाच्या दृष्टीने एकच सूचना महत्त्वाची: ‘किरकोळ’ हा शब्द वापरायचा नाही. सामान बांधताना निम्मे खोके शेवटी ‘किरकोळ’ होतात, आणि ज्या वस्तूंना घरात धड जागा नव्हती पण फेकवतही नव्हत्या, त्या सगळ्या तिथे जातात. कुलूप हरवलेली किल्ली, एकाच कानातलं डूल, बंद पडलेल्या कंपनीचं वॉरंटी कार्ड, लग्नपत्रिकेची उरलेली पाकिटं. कथेला लागणारा माल याच खोक्यात असतो. तो आकड्यानिशी, वस्तू-वस्तू लिहून काढला.

लिहिण्याचं सामान वेगळ्या पिशवीत, जी टेम्पोत चढणार नाही, हातात राहील. २०० पानी लाँगबुक कथांसाठी, ४० पानी लहान वही नोंदींसाठी. नोंदी आणि कथा एका वहीत ठेवू नयेत. तसं केलं की कथा लिहिताना मागचं पान उघडून खरं काय घडलं ते पाहायचा मोह होतो आणि कथा तिथेच बांधली जाते. पेन बॉलपेनच. जेलची शाई पाण्यावर बनलेली, ओल लागली की पसरू शकते, आणि पुढे कूलर आहे, त्याच्याही पुढे पाऊस आहे. बॉलपेनची शाई तेलातली, ती टिकते. दोन पेनं, एक पेन्सिल, दोन जाड पन्न्या (प्लास्टिकच्या पिशव्या), स्टीलची पट्टी.

१३ मे

पाहुण्या घरात लिहायला कधी बसायचं, हा प्रश्न घड्याळाने सुटत नाही. सकाळी सहा ही वेळ स्वतःच्या घरात चालते. दुसऱ्याच्या घरी सहा वाजता हॉलमध्ये कोणी झोपलेलं असतं. वेळ त्या घरातल्या एखाद्या रोजच्या कामाला बांधावी. कूलरच्या टाकीत पाणी भरून झालं की पाऊण तास. पाणी भरायचं काम आपणच अंगावर घ्यावं. मग त्यानंतरचा वेळ मागावा लागत नाही, तो आपल्या वाट्याचा होतो.

कूलरच्या झोतात बसू नये. पानं उडतात हे तर आहेच, पण ओल्या ताट्यांतून येणाऱ्या हवेने कागद सैल पडतो आणि बॉलपेन रुतून चालतं. झोताच्या बाजूला, भिंतीला पाठ लावून बसावं, डावं पान पट्टीने दाबावं.

यजमानांना काय लिहितोय ते आधी सांगून टाकावं: कथा लिहितोय, तुमच्याबद्दल नाही. आणि ते खरं ठेवावं. ज्यांच्या पंगतीला बसतो त्यांना ओळखू येईल असं पात्र त्या घरात राहताना लिहायचं नाही, हा या प्रकल्पाचा पक्का नियम आहे.

१७ मे

शहरात बसायच्या जागा, मे महिन्यापुरत्या.

सेमिनरी हिल्स आणि अंबाझरीचा काठ सकाळी आठपर्यंत, त्यापुढे ऊन सोसत नाही. दुपारी ग्रंथालय. शासकीय विभागीय ग्रंथालय आहे, १९२३ साली स्थापन झालेल्या विदर्भ साहित्य संघाचं झाशी राणी चौकातलं ग्रंथालय आहे. ग्रंथालयात पुस्तक मागवून बसू नये. पुस्तक हाताशी आलं की वाचन सुरू होतं. वर्तमानपत्राच्या टेबलाच्या टोकाला बसावं.

मेट्रोत लिहिणं होत नाही, ऐकणं होतं. ऑरेंज आणि ॲक्वा या दोन्ही मार्गिका सीताबर्डीला मिळतात, आणि तिथे गाडी बदलताना माणसं फोनवरचं बोलणं घाईने संपवतात. संवाद कसा तुटतो ते शिकायला याहून चांगली जागा नाही. गणेशपेठेचं बसस्थानक वेगळ्या कामाचं. उमरेड, वर्धा, यवतमाळ, चंद्रपूरच्या गाड्यांची वाट पाहणाऱ्या माणसांकडे सामान असतं, आणि कोणतं सामान मांडीवर, कोणतं पायाखाली, कोणतं दुसऱ्याच्या भरवशावर सोडलं जातं, ते पाहत बसावं. वाक्यं टिपू नयेत. सामानाची जागा टिपावी.

रेल्वेस्थानकाच्या क्लोकरूमचा एक बारकावा कथेत उपयोगी पडेल: कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत, आणि प्रवासाचं तिकीट दाखवावं लागतं. म्हणजे ज्याला कुठेच जायचं नाही त्याचं सामान तिथे राहू शकत नाही.

२१ मे

दुसरा नकाशा. या प्रकल्पात सर्वांत जास्त देणारी पायरी हीच, म्हणून सविस्तर.

पहिला लिफाफा न उघडता त्याच घराचा नकाशा पुन्हा काढायचा, आठवणीने, त्याच मापाच्या चौकटीत. घरात राहिलेल्या प्रत्येकाने वेगळा, एकमेकांचा न पाहता. त्यासाठी अर्धा तास द्यावा, त्याहून जास्त नाही. जास्त वेळ दिला की माणूस आठवत नाही, तर्क करू लागतो. मग लिफाफा उघडून सगळे नकाशे शेजारी ठेवायचे आणि लाल पेन्सिलने फरक खुणावायचे.

फरक तीन प्रकारचे निघतात. पहिला मापाचा. ज्या खोलीत माणूस जास्त वावरला ती मोठी येते, आणि जिथे त्याला जायला नको वाटायचं ती बोळ होते. दुसरा, गाळलेल्या गोष्टींचा. एक दार, एक खिडकी किंवा आख्खं न्हाणीघर नकाशातून नाहीसं होतं. तिसरा सर्वांत दुर्मीळ आणि सर्वांत कामाचा: नसलेली गोष्ट काढली जाते. त्याआधीच्या घरातलं कपाट या घराच्या भिंतीला येऊन बसतं, किंवा लहानपणीच्या वाड्यातला जिना.

आमच्या नकाशांत एकाने देवघर पूर्वेच्या भिंतीला काढलं, दुसऱ्याने स्वयंपाकघरात. खरं होतं ते स्वयंपाकघरात. हे बरोबर-चूक ठरवून सोडून दिलं तर हाती काही लागत नाही. विचारायचं असं: ज्याला देव पूर्वेच्या भिंतीला आठवतात असा माणूस नव्या घरात देव कुठे मांडायचा हट्ट धरेल, आणि तो हट्ट कोणाला समजणार नाही? प्रश्नात दुसरा माणूस आला की कथा हलते.

प्रत्येक लाल खुणेपुढे असा एक प्रश्न लिहायचा. ज्या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात देता येतं तो खोडायचा. उरलेल्यांतून विषय निवडायचे. इथे चूक होते ती अशी की लिहिणारा सगळ्यांत दुःखाची खूण उचलतो, आणि कथा पहिल्याच पानावर ओलीचिंब होते. जी खूण समजत नाही ती उचलावी.

२६ मे

नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू. दुपारी बाहेर पडणं बंद, म्हणून सावलीची नोंद घरातून.

नागपूर २१ अंश ९ मिनिटे उत्तर अक्षांशावर आहे. या दिवसांत सूर्य माध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो, आणि तो क्षण इथे घड्याळात बाराच्या पुढे, साधारण बारा वाजून दहा मिनिटांना पडतो, कारण आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशाचं आहे आणि शहर त्याच्या पश्चिमेला. गच्चीवर उभी केलेली बाटली त्या वेळी सावली टाकत नाही. जुलैच्या मध्याला असंच पुन्हा होतं, पण तेव्हा ढग असतात.

कथेत याचा उपयोग थेट आहे. मे अखेरच्या नागपुरात दुपारी बारा वाजता कडुनिंबाची लांब सावली अंगणात पडत नाही, खिडकीतून ऊनही तिरपं आत येत नाही. ऊन खोलीत शिरतं ते सकाळी आणि पाचनंतर. घर सोडण्याचा प्रसंग ज्या तासाला ठेवाल त्या तासाचं ऊन पहिल्या नकाशावरच्या तीन रेघांवरून तपासून घ्यावं. वाचकाला अक्षांश ठाऊक नसतो, पण चुकलेलं ऊन त्याला जाणवतं.

१ जून

पहिल्या कथेचा खर्डा सुरू. विषय: अमानत ठेवलेला फ्रिज.

विमलचं घर अजून तयार नाही, म्हणून तिचा फ्रिज मानेवाड्याला नणंदेकडे ठेवलेला. ‘उभाच होता न वहिनी, म्हणून लावला,’ असं नणंद म्हणते. मग त्यात दूध येतं, मग नातवाचं औषध, मग नणंदेचा जुना फ्रिज भंगारात जातो. आता विमलला फ्रिज परत मागायचा आहे. एवढंच.

बीज चांगलं का, तर यात कोणी वाईट नाही. मधल्या काळाची खरी अडचण घर नसण्यात कमी असते, आपली वस्तू दुसऱ्याच्या गरजेची होऊन बसते त्यात जास्त असते. कथा सुरू कुठे करायची यावर दोन खर्डे गेले की कळतं: फ्रिज ठेवण्याच्या दिवसापासून सुरू केली तर निम्मी पानं ओझं वाहण्यात जातात. विमल पहिल्यांदा पाहुणी म्हणून त्या घरात पाणी मागते आणि तिला तिच्याच फ्रिजमधलं पाणी मिळतं, तिथून सुरू करावी.

लांबी ३,००० ते ३,५०० शब्द. लाँगबुकच्या पानावर मध्यम अक्षरात २०० च्या आसपास शब्द मावतात, म्हणजे सोळा-सतरा पानं. एका बैठकीत दीड पान. बैठक संपवताना पुढचं वाक्य अर्धं लिहून ठेवायचं. परक्या घरात कधी उठावं लागेल याचा भरवसा नसतो, आणि अर्धं वाक्य दुसऱ्या दिवशी लगेच हात धरतं.

५ जून

अजब बंगला. १८६३ साली सुरू झालेलं हे मध्यवर्ती संग्रहालय कथालेखकाने पाट्यांसाठी पाहावं. पाटीवर वस्तूचं नाव, कशाची बनलेली, कुठे सापडली, कोणत्या काळातली. भावना नाही, विशेषण नाही. वस्तू आपल्या घरातून उचलून आणलेली आहे हे त्या कोरड्या ओळींतूनच समजतं.

घरी येऊन ‘किरकोळ’ खोक्यातल्या दहा वस्तूंच्या पाट्या लिहिल्या, प्रत्येकी ४० शब्दांच्या आत. डूल: पितळ, सोन्याचं पाणी उडालेलं, जोडीतलं एक, फिरकी दुसऱ्या डुलाची. मग त्याच वस्तूची दुसरी पाटी, ती वस्तू टाकून द्यायला निघालेल्या माणसाने लिहावी अशी. दोन पाट्यांमध्ये जे अंतर पडतं ते पात्राचं. वर्णन फुगतं तेव्हा हा व्यायाम औषधासारखा लागू पडतो, कारण ४० शब्दांत हळहळ मावत नाही.

९ जून

बोली. संवादात नागपुरी किती ठेवायची?

आमचा निर्णय: एका पात्राच्या तोंडी दोन-तीन खुणा, आणि त्या कथाभर टिकवायच्या. नणंद ‘करून राहिली’ म्हणते, ‘काहून’ म्हणते, वाक्याच्या शेवटी तिचा ‘न’ येतो. एवढ्याने कान ओळखतो. ‘मले’, ‘तुले’, ‘त्याले’ हे तिच्या सासूच्या तोंडी, विमलच्या नाही. विमल शाळेत शिकवते आणि शिक्षकांच्या खोलीतली भाषा घरी आणते, पण रागावली की तिचाही ‘काहून’ सुटतो. तो एकदाच सुटू द्यायचा.

प्रत्येक उच्चार अक्षरात पकडायला गेलं की वाचक अडखळतो आणि पात्र नकलेचं होतं. आणि निवेदन प्रमाण मराठीत, संवाद बोलीत, अशी भिंतही नको. सांबार, म्हणजे कोथिंबीर, निवेदनातही सांबारच राहावा. वऱ्हाड-नागपूरबाहेरच्या वाचकाला वडीच्या वर्णनावरून तो कळतो.

१८ जून

पाऊस लागला. वह्या दोन पन्न्यांत, तोंडं विरुद्ध बाजूंना. रोज रात्री त्या दिवसाच्या पानांचे फोनवर फोटो, आणि ते फोटो स्वतःलाच मेल. फोन आणि वही एकाच पिशवीत असताना फक्त फोटो काढून भागत नाही. पिशवी भिजली तर दोन्ही जातात.

फ्रिजची कथा पुरी. नणंदेचा शेवटचा संवाद काढला. तिने समजुतीचं काही बोलावं अशी इच्छा होते, पण तिला पुढच्या उन्हाळ्याची काळजी आहे, तेच तिने बोलावं.

२४ जून

दुसरी कथा: पत्ता.

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटाकडे उघडतात. त्यामुळे मधल्या मुक्कामातल्या कुटुंबाला एक नेमकी तारीख मिळते, आणि कथेला घड्याळ. फॉर्मवर दोन ओळी असतात: सध्याचा पत्ता, कायमचा पत्ता. ज्याचा जुना करार संपला आणि नवं घर कागदावर आलं नाही, तो बाप तिथे काय लिहितो?

कागदाची बाजू पक्की हवी, नाहीतर ओळखणारा वाचक कथा सोडतो. अकरा महिन्यांचा करार सगळीकडे चालतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते, आणि तसा करार नसेल तर अटींबद्दल किरायदाराचं म्हणणं, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरतात. म्हणजे कागद नसण्याचा तोटा मालकालाही आहे, आणि किरायदाराला हे बहुधा माहीत नसतं. शिक्षण हक्क कायद्याखालच्या (आरटीई) प्रवेशात घरापासून शाळेचं अंतर १ किमीच्या आत की ३ किमीच्या आत, यावर प्राधान्य ठरतं. अंतर कुठून मोजायचं, तर पत्त्यापासून.

झिरो माइलच्या दगडाजवळ एक प्रसंग ठेवला आहे. तिथे दूरच्या शहरांची अंतरं मैलांत कोरलेली आहेत. मुलगी विचारते, आपल्या घराचं अंतर कुठे लिहिलं आहे. हे वाक्य गोड होण्याचा धोका फार मोठा, म्हणून बापाने त्याला उत्तर द्यायचं नाही. त्याने सिग्नल पाहून रस्ता ओलांडायचा.

धोका आणखी एक: कायद्याची माहिती पात्राच्या तोंडी भाषण होऊन येते. कलमाचा आकडा कथेत एकदाही येता कामा नये. अर्जनवीस म्हणतो, ‘कागद त्यानं करायला पाहिजे होता, तुम्ही काहून घाबरता?’ तेवढ्यावर भागवायचं.

३० जून

मुक्काम दुसऱ्या घरी हलला. नवी वेळ: संध्याकाळचे डबे घासून झाल्यावर. दीड पानाऐवजी एक पान. तेवढं पुरे.

७ जुलै

तिसरी कथा, आणि हिच्याबद्दल मनात सर्वांत जास्त आदर आहे.

बांधकाम चालू असलेल्या घरात चौकीदाराचं कुटुंब राहतं. नागपूरच्या नव्या ले-आउटांत हे सगळीकडे आहे. बरीच कुटुंबं छत्तीसगड किंवा बालाघाटकडची. घर पुरं झालं की ते पुढच्या अपुऱ्या घरात जातात. मालक दोन घरांच्या मध्ये काही महिने असतो, हे कुटुंब कायम असतं. घरातली पहिली चूल मालकाची नसते. सकाळचं ऊन कोणत्या खोलीत येतं हे आधी त्या बाईला कळतं.

दृष्टिकोन कोणाचा? मालकाचा घेतला तर कथा दयेकडे घसरते. बाईचा घेतला आणि तिच्या मनातलं काव्य लिहीत बसलो तर ते आपलं काव्य असतं, तिचं नव्हे. उपाय कामाचा: तिच्या हातातलं काम नेमकं लिहावं आणि मन त्यातून दिसू द्यावं. स्लॅब पडल्यावर त्याला पाणी मारायचं काम तिचं. साध्या सिमेंटला निदान ७ दिवस ओल धरावी लागते, मिश्र सिमेंट आणि कोरडा उन्हाळा असेल तर १० ते १४. कडेने मातीचे वाफे करून पाणी साठवतात. वाफा फुटला की ती रात्री उठते. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबखालचे टेकू निदान ७ दिवस, त्याहून मोठ्याचे १४ दिवस ठेवतात. टेकू आहेत तोवर खोलीतून वाकून, वळून चालावं लागतं. ते निघतात त्या दिवशी तिच्या लहान मुलाला पहिल्यांदा खोलीत धावता येतं. आणि टेकू निघाले म्हणजे गिलावा जवळ आला, गिलावा झाला म्हणजे जाणं जवळ आलं. या क्रमात कथेचा सगळा ताण आहे, वरून काही घालायची गरज नाही.

मालकीण नकाशा घेऊन येते आणि बाईला विचारते, ‘बाई, इथं ऊन किती वाजता येतं वो?’ या एका प्रश्नावर कथा उभी राहील असं वाटतं.

१५ जुलै

दुरुस्त्या. मोठ्याने वाचणं परक्या घरात जमत नाही, म्हणून फोनवर हलक्या आवाजात रेकॉर्ड करून इअरफोनवर ऐकलं. जिथे वाचताना श्वास पुरला नाही तिथे वाक्य तोडलं. तिन्ही कथांतून ‘घर’ हा शब्द शोधून प्रत्येक जागी विचारलं की इथे खोली, ओटा, भिंत, दार यांपैकी नेमकं काय म्हणायचं आहे. ‘आठवण’ आणि ‘पोरकं’ हे दोन शब्द जवळजवळ सगळीकडून गेले. कथा त्यांच्यावाचून बळकट झाल्या.

पात्रांची नावं, मोहल्ले आणि नाती पुन्हा तपासली: ओळखीतल्या कोणाशी दोन खुणा जुळत असतील तर एक बदलायची. फ्रिजच्या कथेतलं नणंदेचं घर मानेवाड्याहून नंदनवनला नेलं. त्याबरोबर बसचा रस्ता, बाजार आणि विमलला लागणारा वेळ, तिन्ही बदलावे लागले. नुसतं नाव बदलून चालत नाही.

२२ जुलै

टंकन युनिकोडमध्येच. जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून बदलून घेतलं की रफार आणि जोडाक्षरं हमखास फुटतात, आणि बोलीतले शब्द तर मुद्रितशोधकालाही सावरता येत नाहीत. बोलीच्या शब्दांची एक वेगळी यादी कथेसोबत जोडली: हे शब्द जसे आहेत तसे ठेवावेत. एका कथेची एकच फाइल, नावात कथेचं शीर्षक आणि तारीख. एक कथा एका वेळी एकाच अंकाकडे.

फ्रिज आणि पत्ता या दोन कथा पाठवल्या. चौकीदाराच्या कुटुंबाची कथा थांबवली आहे. तिच्यात गच्चीवरची पाण्याची टाकी बसण्याआधी पाणी कुठून येतं, पिंप किती लिटरचं, आणि ते वर कसं चढवतात, हे साइटवर त्या कामातल्या माणसांना विचारून लिहायचं आहे. रविवारी मजुरांचा बाजाराचा दिवस असतो, म्हणून सोमवारी सकाळी.